सिस्टर, घरचं हँडओव्हर कोणाला देता?

“मॅडम, रोज पहाटे गुडघे टेकते. बळ मागते. पण नऊ वाजेपर्यंत सगळं संपलेलं असतं. माझा विश्वासच कमी पडतोय का?”

हा प्रश्न मला समुपदेशनाच्या भेटींत वर्षातून दहा-बारा वेळा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी चर्चच्या मंडळीत सगळ्यांत जास्त राबणाऱ्या असतात. आळशी माणसाला हा प्रश्न पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. इथे त्यांतल्या एकीची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

नगरकडच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, दवाखान्यात स्टाफ नर्स. त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, दाटसर पेज चमच्याने भरवायची, डायपर, अंग पुसणं, सगळं सिस्टर एकट्या करायच्या. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी दहावीत. धाकटे दीर-जाऊ दोन गल्ल्या सोडून राहतात. “दीड वर्षात आईंच्या पाठीवर एक लाल ठिपका नाही,” हे त्यांनी ज्या अभिमानाने सांगितलं, तो मी लक्षात ठेवला.

माझ्याकडे आल्या त्या नाइट ड्युटी करून, न झोपता. कारण आदल्या आठवड्यात पेज भरवताना सासूबाईंनी ती दुसऱ्यांदा थुंकून टाकली आणि सिस्टरनी वाटी ओट्यावर आपटली. सासूबाई अर्ध्या तोंडाने म्हणाल्या, “दमलीस, पोरी.” त्या शब्दांनी सिस्टर कोसळल्या. त्याच रविवारी चर्चच्या भगिनी मंडळात कोणीतरी साक्ष दिली होती, म्हणजे आपला अनुभव सांगितला होता की, इतक्या वर्षांत प्रभूने मला थकवा जाणवूच दिला नाही. अशा साक्षी खऱ्या असतीलही. पण ऐकणाऱ्या दमलेल्या बाईचं काय होतं, याचा विचार व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या भेटीत मी चूक केली. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे बायबलमध्ये प्रेषित पौलाला देवाकडून मिळालेलं उत्तर मी त्यांना सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “हो मॅडम, ते मला पाठ आहे.” ज्या पेशंटने आधीच गोळी घेतली आहे त्याला तीच गोळी पुन्हा देणाऱ्या डॉक्टरसारखं मला वाटलं. वही मिटली आणि साध्या गोष्टी विचारल्या. झोप किती? तुकड्यातुकड्याने चार तास. भूक? उभ्याने चहा-बिस्कीट. जगणं नकोसं वाटतं का? नाही, पण “डोळे मिटून दोन दिवस कोणी उठवू नये असं वाटतं.” शेवटचं रक्त कधी तपासलं? यावर त्या हसल्या. “दुसऱ्यांचंच काढतो आम्ही.”

तपासणीत हिमोग्लोबिन बरंच खाली निघालं. हे मुद्दाम लिहिते आहे. कमी विश्वास म्हणून आपण ज्याचा कबुलीजबाब देत असतो, ते कधीकधी कमी रक्त असतं, कधी थायरॉइड, कधी नैराश्य. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार, असं असेल तर डॉक्टर गाठायचाच. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते, फोन मोफत आहे. बायबलमधला संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं.

दुसऱ्या भेटीत विचारलं, “वॉर्डात शिफ्ट संपली की हँडओव्हर कसं देता?”

त्या खुलल्या. पुढच्या शिफ्टच्या नर्सला काय काय सांगून पेशंट सोपवायचे ते, बेड नंबर, सलाइन कितवी, बीपी, कोणती गोळी द्यायची राहिली, कोणाला ताप; भराभर सांगत सुटल्या.

“घरचं कोणाला देता?”

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “प्रभूला.”

“आणि त्याने पुढे कोणाच्या हातात द्यावं म्हणता?”

याला उत्तर नव्हतं. त्यांच्या फ्रीजवर चर्चच्या कॅलेंडरमधून कापलेलं वचन चिकटवलं होतं: ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, तेरावी ओवी. मी पवित्र शास्त्र पुढे केलं आणि चौदावी वाचायला सांगितली. पौल तिथे लगेच म्हणतो की, तरीही माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत. पौल तेव्हा बंधनात होता, आणि फिलिप्पै शहरातल्या मंडळीची मदत घेऊन तिथला एपफ्रदीत त्याच्याकडे आला होता. सामर्थ्य देवाचं, आणि ते पोचवायला एक माणूस पायपीट करत आलेला. कॅलेंडरवाले तेरावीवर कात्री लावतात, त्याला कोण काय करणार!

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही मला नेहमी आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुलींना केडगावला आणणारी ही बाई देवावर भिस्त ठेवून जगली, आणि तिथल्या त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमात विहिरी खणल्या जात होत्या, माग चालत होते, छापखाना होता.

सिस्टरना हे पटायला वेळ लागला नाही. जमायला लागला.

जाऊबाई मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री यायला तयार झाल्या, आणि तेही पहिल्याच शब्दाला! “तुम्ही कधी विचारलंच नाही, ताई,” असं म्हणाल्या म्हणे. पण पहिल्याच मंगळवारी त्यांनी कूस बदलली तेव्हा खालच्या चादरीला सुरकुती राहिली. सुरकुतीवर अंगाचा भार पडत राहिला की तिथेच कातडी लाल होते, हे नर्सला सांगावं लागत नाही. सिस्टर सांगत होत्या, “मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि सिंकमध्ये हात बुडवून उभी राहिले. नाहीतर जाऊन चादर ओढली असती.” किती वेळ? “पाच मिनिटं असतील. मॅडम, दीड वर्षात इतकी कठीण प्रार्थना केली नव्हती.”

माझ्या मते त्यांची खरी परीक्षा त्या सिंकपाशी झाली. पहाटे गुडघे टेकून बळ मागणं त्यांना येतच होतं. ते बळ कच्च्या, अनाडी हातांतून आलं तर घ्यायचं, हे येत नव्हतं.

पहाटेची प्रार्थनाही आम्ही थोडी आखडती घेतली. पुढच्या वर्षाचं, सासूबाईंच्या शेवटापर्यंतचं बळ आज मागायचं नाही. आज संध्याकाळी सातपर्यंतचं मागायचं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘रोजची भाकर’ म्हणतो, आणि मराठी भाषांतरात तिथे भाकरच आहे याचं मला फार बरं वाटतं. भाकरी चार दिवसांची थापून ठेवता येत नाही. बायबलमध्ये इस्राएल लोकांना अरण्यात देवाकडून रोज मिळणारं अन्न, मान्ना, तेही सकाळपर्यंत ठेवला की त्यात किडे पडायचे.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. नवरा अजून रात्री उठत नाही, त्यावर आमचं काम चालू आहे. एक शुक्रवार जाऊबाई आल्या नाहीत, तेव्हा सिस्टरनी पुन्हा सगळं एकटीने ओढायचं ठरवलं होतं. दोन दिवसांनी राग ओसरला.

शेवटच्या भेटीला त्या अर्धा तास उशिरा आल्या. झोप लागली होती म्हणाल्या. पिशवीतून शंभर पानी वही काढली. घरच्या हँडओव्हरसाठी त्यांनीच रेघा मारून रकाने पाडले होते. आदल्या रात्रीच्या पानावर जाऊबाईंचं वाकडंतिकडं अक्षर होतं:

“३ वाजता डाव्या कुशीवर. पेज अर्दी वाटी. चादर सरळ केली, दोनदा बघीतली. ताई तुम्ही उठू नका.”