कोल्हापूरहून एका दिवसात ओल्ड गोवा बघायचंय. सेंट कॅथरिनचं चॅपल वगळलं तर चालेल का?

नाही चालणार.

से कॅथेड्रल आणि बॉम जीझस ही मोठी चर्चं दाखवायला कुणी लागत नाही, गाडीतून उतरलं की समोरच आहेत. पण कॅथेड्रलचं काम सुरू झालं १५६२ मध्ये. त्याआधी गोव्याचं कॅथेड्रल म्हणजे हे लहानसं चॅपलच. १५३४ मध्ये बिशपची गादी आली ती इथं. पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कनं आदिलशाहीकडून शहर घेतलं २५ नोव्हेंबर १५१० ला, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी, म्हणून तिचं नाव. मोठं कॅथेड्रलसुद्धा तिच्याच नावाचं आहे.

आमचे आबा गवंडी. सगळी हयात दगडात गेली. आम्ही पहाटे चारला निघून आजरा-आंबोलीमार्गे गेलो होतो. कॅथेड्रल बघून झालं आणि दादाला बीचची घाई सुटली. आबा मात्र सेंट फ्रान्सिस चर्चच्या पलीकडं चालत गेले. मी त्यांच्या मागं. चॅपलला कुलूप होतं. आबांनी दाराकडं बघितलंसुद्धा नाही. जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग चार पावलं मागं सरून, एक डोळा मिटून कोपरा ओळंब्यात आहे का ते बघत राहिले. तिकडं दादानं हॉर्न लावून धरला. "एवढ्याशा बंद खोलीत काय बघायचंय?" आबा गुमान येऊन बसले ते कळंगुटपर्यंत बोलले नाहीत. परत त्यांचं गोव्याला जाणं झालं नाही.

दादा अजून म्हणतो, ते बांधकाम १९५२ चं आहे, कसलं जुनं? खरंय, आत्ताची इमारत तेव्हा पुन्हा उभारलेली. त्याआधी १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालनंही ते वाढवून बांधलं होतं. मग? जीर्णोद्धार केला म्हणून गल्लीतला मारुती नवा होतो का? आल्बुकर्क शहरात शिरला ते दार याच जागी होतं, असं काब्रालच्या वेळचा शिलालेख सांगतो. जागा तर कुणी हलवली नाही ना!

आता एक, आत जायला मिळेलच असं धरून जाऊ नका. बरोबर लहान पोरं असतील आणि ऊन चढलं असेल तर बाहेरूनच बघा, पण बघा. वेळ कमी पडला तर बीच सोडा. आणि घरातलं म्हातारं माणूस तिथं रेंगाळलं तर ते आपणहून गाडीकडं येईपर्यंत हॉर्न वाजवू नका.