हेवी मेटलचा जडपणा नेमका कशात असतो?

प्रश्न : हेवी मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारे रॉक, अशी माझी समजूत होती. परंतु आवाज अगदी बारीक ठेवून ऐकले तरी ते हेवी मेटल आहे, हे लगेच ओळखू येते. मग या संगीताला जड करते ते काय?

उत्तर : आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. दूरवरून क्षीण ऐकू आलेली आरोळीसुद्धा आरोळी म्हणूनच ओळखू येते, कारण ताणलेल्या गळ्याचा पोतच वेगळा असतो. हेवी मेटलमधील गिटारचेही तसेच आहे. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जोरकस संकेत त्यात सोडला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ ध्वनीत नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे त्याच्या वरचे स्वर, ठळकपणे उमटतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. शिवाय माथे छाटल्यामुळे एकदा छेडलेली तार विरत न जाता बराच वेळ त्याच जोमाने वाजत राहिल्यासारखी वाटते.

मात्र खरी गंमत पॉवर कॉर्डमध्ये आहे. कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले स्वर; पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच स्वर घेतात, गंधार वगळतात. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर मिसळले की त्यांच्या कंपनसंख्यांमधील फरकाचा तिसरा स्वर तयार होतो. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सुमारे 82 हर्ट्झ आणि तिच्या पंचमाची सुमारे 123 हर्ट्झ; फरक 41, म्हणजे मूळ षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज, जो कोणतीही तार वाजवत नसते. जमीन हादरल्याचा भास होतो तो बराचसा या अदृश्य खर्जामुळे.

हेवी मेटलच्या आद्य गटांपैकी एक असलेल्या, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. त्याच्या शीर्षकगीतातील रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी स्वरावली, षड्जावरून तारषड्जावर झेपावते आणि तेथून खाली तीव्र मध्यमावर येऊन अस्वस्थपणे थबकते. या गटाचे गिटारवादक टोनी आयोमी डावखुरे. पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तारा दाबण्याच्या हाताच्या, दोन बोटांची टोके तुटली. त्यांनी बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या आणि 1971च्या अल्बममधील काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तारा दाबायला सोप्या जातात आणि नादही अधिक काळोखा येतो. एका अपघातातून हेवी मेटल जन्मले, ही सांगोवांगीची कथा मात्र मला अतिशयोक्त वाटते. डिस्टॉर्शन आणि पॉवर कॉर्ड दोन्ही त्याआधीच रूढ झाले होते.

गिटारच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, तळहाताची कड टेकवून तारा अर्धवट दाबत वाजवणे, म्हणजे पाम म्यूटिंग, आणि दोन पायांनी वाजवलेला बास ड्रम यांतून तो ठोकळेबाज, घट्ट ठेका येतो. घोगऱ्या गुरगुरण्याला मी व्यवच्छेदक लक्षण मानणार नाही, कारण जूडास प्रीस्ट या गटाचे गायक रॉब हॅलफर्ड टिपेच्या स्वरात गातात आणि तेही अस्सल हेवी मेटलच आहे.

गिटार हाताशी असल्यास डिस्टॉर्शन लावून आधी षड्ज-पंचम छेडावे आणि मग त्यात गंधार मिसळावा. क्षणापूर्वी भिंतीसारखा सलग वाटणारा नाद लगेच गढूळ होतो.