बारीक, दाट कुरळे केस आणि पावसाळा: स्क्रंच, ब्रश की एल-ओ-सी?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडून घेऊ. केस २सी ते ३ए (ठळक लाटा ते सैल गोल वळणं), खांद्याखाली चार बोटं, तंतू बारीक पण दाट, राहायला ठाण्यात, सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिसळलेलं पाणी. लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर), तेल, क्रीम, जेल सगळं लावूनही दुपारपर्यंत वरचे केस पिंजारतात आणि टोकं चिकट, लोंबलेली दिसतात. स्क्रंच (केस ओंजळीत धरून वर दाबणं), ब्रश स्टायलिंग आणि एल-ओ-सी (लीव्ह-इन, तेल, क्रीम असे थर) यांपैकी कोणतं रुटीन धरावं, हा प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे. पावसाळा संपेपर्यंत धुतलेल्या ओल्या केसांना क्रीम आणि तेल लावणं बंद करा. ओल्याचिंब केसांना फक्त जेल लावा, स्क्रंच करा आणि डिफ्यूझरने (ड्रायरला लावायचं, हवा पसरवणारं भांडं) वाळवा. ब्रश चेहऱ्याभोवतीच्या बटांपुरता ठेवा. एल-ओ-सी तुमच्या केसांना मानवणारं नाही. आता कारणं.

२सी, ३ए हे प्रकार फक्त वळणाचा घेर सांगतात. रुटीन ठरवताना त्याहून जास्त महत्त्व तंतूच्या जाडीला असतं. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. जेमतेम जाणवला तर बारीक, ठळक जाणवला तर जाड. बारीक तंतूला तेला-क्रीमचं वजन पेलवत नाही, वळण खाली ओढलं जातं. ग्लासभर पाण्यात केस तरंगतो की बुडतो ही सच्छिद्रतेची (केस पाणी किती सहज शोषतो याची) चाचणी बघू नका. केसावर उरलेलं तेल आणि पाण्याचा पृष्ठताण यांवरच तिचा निकाल ठरतो. शॉवरखाली केस भिजायला आणि नंतर वाळायला किती वेळ लागतो, यावरून जास्त कळतं. पटकन भिजून पटकन वाळणारे, रंगवलेले किंवा स्ट्रेटनिंग केलेले केस सहसा जास्त सच्छिद्र असतात.

स्टायलिंगच्या आधी पाण्याचा बंदोबस्त करायला हवा. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं, मग कंडिशनर नीट लागत नाही, केस ओले असतानाच खरखरीत वाटतात आणि कोणतंही जेल निकामी वाटू लागतं. तीन-चार आठवड्यांतून एकदा असा शाम्पू वापरा, ज्याच्या घटकांच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून काढणारा घटक) बरंच वर आहे. फेस दोन-तीन मिनिटं केसांवर राहू द्या, मग धुवून भरपूर कंडिशनर लावा. एरवी दर तीन-चार दिवसांनी सौम्य शाम्पू, तोही टाळूला, बोटांच्या पेरांनी. करली गर्ल या कुरळ्या केसांच्या निगेच्या पद्धतीत शाम्पूऐवजी नुसत्या कंडिशनरने केस धुवायला सांगतात. घाम, दमट हवा आणि कोंड्याची सवय असलेल्या टाळूसाठी मी तो सल्ला देणार नाही. कोंड्याशी संबंधित मॅलसेझिया नावाची बुरशी टाळूवरच्या तेलावरच वाढते.

तेल आवडत असेल तर ते धुण्याआधी लावा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून हे दाखवलं. झीज रोखण्यात बाकीची दोन तेलं कमी पडली. दोन चहाचे चमचे तेल, फक्त लांबीला, तास-दोन तास आधी. तुमच्या केसांना एवढं पुरे.

कंडिशनर लावून बोटांनी आणि मग जाड दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टोकांकडून सुरुवात करून वर वर जात. गुंता सुटला की मान खाली घालून ओंजळीत पाणी घ्या आणि केस त्या पाण्यासकट वर टाळूकडे दाबा. आठ-दहा वेळा. पचपच आवाज यायला हवा. कोरडा, खसखस आवाज आला तर पाणी कमी पडतंय. केस शेवाळलेल्या दगडासारखे बुळबुळीत लागले की थोडा बुळबुळीतपणा राखून बाकीचं कंडिशनर धुवून टाका. बटांचे जुडगे इथेच बनतात. नंतरचं सगळं काम ते जुडगे न मोडता जेलमध्ये पकडून ठेवण्याचं आहे, आणि तिन्ही रुटीन एकमेकांपासून वेगळी होतात ती हे काम कसं करतात त्यावर.

स्क्रंचच्या रुटीनमध्ये न्हाणीघरातच, केसांतून पाणी निथळत असताना, जेल लावायचं. तुमच्या लांबीला दीड ते दोन चहाचे चमचे. तळव्यांवर पाण्यात मिसळून पातळ करा, दोन तळव्यांमध्ये केसांचा पट्टा धरून वरून खाली हात फिरवा, मग ओंजळीत धरून वर दाबा. जुन्या सुती टी-शर्टात किंवा मऊ पंचात दहा-पंधरा मिनिटं गुंडाळा. अर्धा तास ठेवलंत तर मुळं चपटी बसतात. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे जुडगे फोडतात. मग डिफ्यूझर, मध्यम उष्णता आणि कमी वेग. पहिली दहा मिनिटं तो केसांना न टेकवता भोवताली फिरवा. जेलचं बाहेरचं कवच कडक झालं की बटा भांड्यात घेऊन टाळूजवळ न्या. ९० टक्के वाळल्यावर थांबा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. शेवटी कवच मोडायला कोरड्या हातांनी दाबा. त्यासाठी तळव्यावर तेलाचे दोन थेंब पावसाळ्यातही चालतील, त्याहून जास्त नाही. एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, त्यातला बराचसा वेळ डिफ्यूझरचा. फुगीरपणा उत्तम, बटा थोड्या अनियमित.

ब्रश स्टायलिंगमध्ये केसांचे चार ते सहा भाग करतात. प्रत्येक भागाला जेल लावून, ब्रश केसांच्या खालून घालून ताण देत ओढायचा आणि टोकाशी गोल वळवून सोडायचा. डेनमनचा सात ओळींचा ब्रश यासाठी लोकप्रिय आहे. त्यातल्या एकाआड एक ओळी काढल्या की बटा जाड बनतात. बटा एकसारख्या, सुबक येतात आणि तीन-चार दिवस टिकतात, हा या रुटीनचा मोठा गुण. पण ताणामुळे मुळं चपटी होतात, वाळवणं सोडूनच अर्धा तास जातो, आणि ओला केस ताण दिल्यावर जास्त लांबतो व लवकर तुटतो. बारीक तंतूंना हा ताण दर धुण्याला देऊ नये. जाड, दाट ३बी (तुमच्याहून घट्ट वळणाचे) केस असतील तर मी हेच रुटीन पहिलं सुचवेन. तुम्ही समोरच्या चार-सहा बटांना ब्रश वापरा, किंवा त्या बोटाभोवती गुंडाळून सोडा, कारण चेहऱ्याजवळच्या बटा घामाने आणि हात लागून आधी विस्कटतात.

एल-ओ-सी म्हणजे आधी लीव्ह-इन, त्यावर तेल, त्यावर क्रीम. ही पद्धत कृष्णवर्णीयांच्या टाइप ४ च्या घट्ट वळणाच्या केसांसाठी रूढ झाली. इतक्या घट्ट वळणावरून टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून बाहेरून थर द्यावा लागतो. जाड, कोरड्या, सच्छिद्र केसांना ती खरोखर उपयोगी आहे, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ३बी-३सी केसांनाही. पण तुमच्या बारीक तंतूंवर तीन थर बसले की त्यावरचं जेल केसाला धरतच नाही. टोकं चिकट आणि डोक्यावर पिंजारलेपण, असं दोन्ही एकदम दिसण्याचं कारण हेच.

जेल निवडताना यादी वाचा. दमट हवेत पाणी केसात शिरतं, आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि प्रत्येक तंतू आपापल्या दिशेने नवा आकार घेतो. जेलची पातळ पापडी तंतूंना एकत्र धरून ठेवते. नुसतं पीव्हीपी (पकड देणारं एक पॉलिमर) असलेलं जेल दमट हवेत स्वतःच पाणी ओढून चिकट होतं. व्हीपी/व्हीए कोपॉलिमर असलेलं जास्त टिकतं. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच घटकांत असेल तर ती बाटली जुलै-ऑगस्टमध्ये बाजूला ठेवा. घरचं जवसाचं जेल (पाव कप जवस, दोन कप पाणी, सात-आठ मिनिटं ढवळत उकळून, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळायचं) हिवाळ्यात छान. त्याची पकड मऊ असते, पावसाळ्यात पुरत नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवावं, वास बदलला तर फेकावं.

आता बिघाड. पांढरे कण पडत असतील तर ते कोंडा असतीलच असं नाही. कार्बोमरवर (जेल दाट करणारा घटक) बनलेलं जेल ऋणभारित असतं, लीव्ह-इनमधले घटक धनभारित, आणि दोघांचा साका बनतो. दोन्हींचा एकेक थेंब तळव्यावर चोळून बघा. दाणे दिसले तर ती जोडी डोक्यावर नको. बटा सुतळीसारख्या बारीक आणि सुट्या येत असतील तर पाणी कमी आहे किंवा बोटं फार फिरवली गेली आहेत. मुळं चपटी असतील तर वाळताना भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी लहान क्लिपा उभ्या लावा. केस ओले असताना लिबलिबीत, आकार न धरणारे वाटले तर कंडिशनिंग जास्त झालंय. कडक आणि काड्यांसारखे वाटले तर प्रथिनांची उत्पादनं जास्त झाली असतील किंवा पाण्याचे क्षार साचले असतील. आधी ईडीटीएचा शाम्पू करून बघा, मग प्रथिनं बंद करा.

माझ्या शब्दावर विसंबू नका, डोकं अर्धं-अर्धं वाटून पाहा. एकाच धुण्यात डाव्या बाजूला नुसतं जेल, उजवीकडे तुमचं आत्ताचं क्रीम-जेल. पाणी, हवा, डिफ्यूझर सारखे. संध्याकाळी फोटो घ्या, पुढच्या धुण्याला बाजू बदला, कारण बहुतेकांचं एका बाजूचं वळण मुळातच ढिलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच काही कळेल.

दुसऱ्या दिवशी सगळं डोकं भिजवू नका. रात्री केस कपाळाच्या वर सैल गोळा करून साटिनच्या उशीवर झोपा. सकाळी विस्कटलेल्या बटांनाच फवारणीने पाणी, बोटभर जेल, पुन्हा स्क्रंच. केस कापताना कोरडे असताना, मोकळ्या बटांमध्ये कापायला सांगा, आणि केस 'हलके' करायला दातेरी कात्री वापरू देऊ नका. ती बटांच्या आत आखूड तुकडे सोडते, ते पुढचे कित्येक महिने बटेबाहेर उभे राहतात आणि कोणतंही जेल त्यांना बसवू शकत नाही.