ब्लँकमध्येच प्लास्टिक निघालं, आता गाईडना काय सांगू?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. दहा आठवड्यांचा संशोधन प्रकल्प, विषय किनाऱ्यावरच्या वाळूतलं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण आणि धागे. आठवा आठवडा संपता संपता ती आली, रडवेली. "मॅडम, ब्लँकमध्येच धागे आहेत. सगळा डेटा वाया गेला. ब्लँक दाखवलेच नाहीत तर?"

ब्लँक म्हणजे वाळू न घालता केलेली तीच कृती, बाहेरून किती प्लास्टिक मिसळतं ते कळायला: तेच मिठाचं पाणी (वाळूतलं प्लास्टिक त्यात तरंगून वर येतं), तेच गाळणं, तोच सूक्ष्मदर्शक. तिच्या तीन ब्लँकमध्ये 4, 5 आणि 6 धागे निघाले होते. बारा नमुन्यांपैकी नऊमध्ये 5 ते 8, उरलेल्या तिनांत 11, 13 आणि 16.

धाग्यांचा रंग कोणता, असं विचारल्यावर ती गप्प झाली. वहीत फक्त आकडे होते. सुदैवाने फिल्टर पेपर झाकलेल्या पेट्री डिशमध्ये जपून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले तर ब्लँकमधले बहुतेक धागे निळे. प्रयोगशाळेत गारठा म्हणून ती रोज निळं फ्लीसचं, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्यांचं, जॅकेट घालायची. या कामात असले घोटाळे नेहमीचेच. कपड्यांचे धागे हवेतून पडतच असतात.

मग आकडेमोड. ब्लँकची सरासरी 5, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 1. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की मर्यादा 8 येते; तिथपर्यंतचे धागे बाहेरून आलेलेही असू शकतात. त्या मर्यादेपर्यंतच्या नऊ नमुन्यांपुढे शून्य लिहायचं नाही, 'मर्यादेखाली' लिहायचं. आणि वहीच्या कोपऱ्यात तिने तुकडे व पापुद्रे वेगळे मोजले होते. ते एकाही ब्लँकमध्ये नव्हते, म्हणजे ती मोजणी शाबूत. ही गोष्ट तिच्या लक्षातही आली नव्हती.

ब्लँक लपवायचा विचार मात्र तिथेच सोडायला लावला. ब्लँक नसलेल्या धाग्यांच्या मोजणीवर जाणकार माणूस विश्वासच ठेवत नाही. गाईडकडे त्याच दिवशी जायचं, सादरीकरणाची वाट पाहायची नाही. सोबत तीन गोष्टी: निळ्या धाग्याचा फोटो, ब्लँक आणि नमुन्यांचा एकत्र तक्ता, उरलेल्या दोन आठवड्यांचं नियोजन. माफीनाम्याने सुरुवात करायची नाही. "ब्लँकमध्ये इतके धागे आले, कारण बहुधा हे, पुढे असं करू का?" एवढं पुरे.

गाईडनी राखून ठेवलेल्या वाळूतून ते तीन नमुने पुन्हा करायला सांगितलं. या वेळी सुती कोट, मिठाचं द्रावण आधी गाळून घेतलेलं, काचेची भांडी गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळलेली, प्रत्येक भांड्यावर फॉइल, आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी उघड्या डिशमध्ये एक ओला फिल्टर पेपर, हवेतून काय पडतं ते पकडायला.

नवे ब्लँक: 1, 0, 1. मर्यादा साधारण 2.4. तीन नमुन्यांत 8, 10 आणि 2. तिसरा मर्यादेखाली गेला म्हणून ती पुन्हा खट्टू झाली. पण एकाच पिशवीतली वाळूही सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे तिथे ठाम काही म्हणायचं नाही एवढंच. पद्धतीच्या उणिवा सांगणाऱ्या परिच्छेदात आणखी एक वाक्य घालायला सांगितलं: संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता सुमारे 1.2, पीईटीची (बाटल्या आणि पॉलिएस्टरचं प्लास्टिक) सुमारे 1.38, म्हणून पीईटी तळाशी बसतं आणि मोजणीत कमी येतं.

पोस्टरवर जुना आणि नवा तक्ता शेजारी शेजारी लागला. जॅकेटचा फोटोही.