सण, सुरी आणि सहा डोळे

एका वाचकाने विचारले आहे की, नाताळच्या जुन्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या कथा घेऊन त्यांत एखादा खून, काही संशयित पाहुणे आणि मृत्यूवरचा काळा विनोद मिसळणाऱ्या लेखनाला ‘सणाच्या कथांची विडंबना’ म्हणावे का, आणि अशा कथांना रहस्यकथा म्हणावे की गूढकथा.

‘विडंबना’ म्हणू नये. हे रूप हल्ली बातम्यांत, प्रस्तावनांत आणि भाषणांत इतक्या वेळा कानांवर पडते की ते मराठीचेच आहे असे वाटू लागले आहे. ‘केवढी ही विडंबना’ असे म्हणणाऱ्याच्या मनात दैवाने किंवा परिस्थितीने घडवलेली विसंगती असते, आणि तो अर्थ हिंदीचा आहे. संस्कृतात विडम्बन आणि विडम्बना या दोन्ही रूपांना नक्कल आणि उपहास हे अर्थ आहेत, परंतु मराठीने त्यांची वाटणी करून घेतली. मूळ कृतीची चाल उचलून तिला हसणारे लेखन ते ‘विडंबन’ आणि एखाद्याच्या प्रतिष्ठेची धूळधाण ती ‘विटंबना’. ही सोय हाताशी असताना तिसरे रूप उसने आणून दोन्ही अर्थ गढूळ करण्याचे काहीही कारण नाही. शिवाय ज्या कथांना काळी कलाटणी दिली म्हणून तक्रार होते, त्या मुळात तितक्या गोड नव्हत्याच. चार्ल्स डिकन्स यांची नाताळकथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच वाक्यात एक माणूस मेलेला आहे, आणि निवेदक त्याच्या मरणाची खात्री देता देता दारातल्या खिळ्यावरून विनोद करत बसतो. ज्या कथेचा प्रारंभच प्रेताने होतो, तिच्यात पुढे कोणी खुनी आणून बसवला तर त्याने मूळ धाग्यालाच पीळ दिला, असे मी म्हणेन.

आता रहस्य आणि गूढ. हे दोन शब्द समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये शेजारी शेजारी छापले जातात. त्या याद्या करणाऱ्यांनी शब्दांच्या मूळ धातूंकडे पाहिलेले नाही, हे मला स्पष्टपणे म्हणावे लागते. गूढ हा शब्द ‘गुह्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ झाकणे, आणि गुहा व गुह्य हे शब्द त्याच घरचे आहेत. जे झाकले आहे ते गूढ होय. ते उघडलेच पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो, आणि पुष्कळदा ते झाकलेलेच शोभते. रहस्य मात्र ‘रह्’ या धातूचे आहे. त्याचा अर्थ सोडणे, टाकून जाणे. त्याच धातूपासून रहित आणि विरह हे शब्द झाले. ‘रहस्’ म्हणजे माणसांनी सोडलेली जागा, एकांत. अमरकोश हा संस्कृतातला जुना पर्यायकोश ‘विविक्त’ आणि ‘विजन’ या निर्जनवाचक शब्दांच्या ओळीतच ‘रहः’ देतो आणि लगेच सांगतो, ‘रहस्यं तद्भवे’, म्हणजे त्या एकांतात जे घडते ते रहस्य. खुनाच्या कथेची याहून नेमकी व्याख्या मला आजवर कोठेही सापडलेली नाही. जिथे दुसरे कोणी नव्हते तिथे काय घडले, एवढाच तर त्या कथेचा प्रश्न असतो. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली लिहिलेल्या ज्या कथेपासून आधुनिक हेरकथेचा आरंभ मानतात, तिच्यातही खून बंद खोलीतच होतो, आणि तो ‘रहस्’ या शब्दाचाच शब्दशः विस्तार आहे. रत्नाकर मतकरी यांच्या कथांना आपण गूढकथा म्हणतो आणि बाबूराव अर्नाळकर यांच्या कथांना रहस्यकथा. वाचकांनी केलेली ही विभागणी याद्या करणाऱ्यांच्या विद्वत्तेपेक्षा कितीतरी अचूक आहे.

परंतु मला खरा आनंद देणारा शब्द अमरकोशात याच ठिकाणी, ‘रहः’च्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि तो मराठीत जवळजवळ कोणी वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तो शब्द आहे ‘अषडक्षीण’. षट् म्हणजे सहा, अक्षि म्हणजे डोळा. जे सहा डोळ्यांनी पाहिलेले नाही, म्हणजेच जे फक्त दोघांत घडले आणि तिसऱ्याला दिसले नाही, ते अषडक्षीण. अमरकोशाचा कर्ता अमरसिंह त्याचा अर्थ ‘तृतीयाद्यगोचरः’ असाच देतो, आणि पाणिनीला तर या शब्दाची दखल आपल्या व्याकरणाच्या सूत्रात घ्यावीशी वाटली. परंपरेने हा शब्द राजा आणि मंत्री यांच्या मसलतीसाठी वापरला. डोळ्यांच्या जागी कान घातले की आपला ‘षट्कर्णी’ होतो. मसलत सहा कानांवर गेली की फुटते, या जुन्या वचनातून तो मराठीत आला आणि टिकला. माझे मत असे आहे की, प्रत्येक खुनाची कथा अषडक्षीणाकडून षट्कर्णीकडे जाते. मारणारा आणि मरणारा यांचे चार डोळे असतात आणि त्यांतले दोन कायमचे मिटलेले असतात. हेर येतो तो पाचवा आणि सहावा डोळा घेऊन, उशिराने, आणि जे त्याला पाहता आले नाही ते अनुमानाने पाहतो. शेवटच्या प्रकरणात तो सर्व संशयितांना एका दालनात का जमवतो, याची उत्तरे समीक्षक नाट्यमयतेच्या नावाने देतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. एकांतात घडलेले चारचौघांत सांगितले गेल्यावाचून रहस्याचे रहस्यपण संपतच नाही, आणि ही गरज शब्दाच्या पोटातच आहे.

या जागी सणाचा संबंध येतो. सण हा शब्द संस्कृत ‘क्षण’ याचाच वंशज आहे. अमरकोशाने उत्सवाच्या पर्यायांत ‘क्षण’ दिला आहे. त्याचे प्राकृतात छण झाले आणि मराठीत सण. क्षेत्राचे शेत आणि मक्षिकेची माशी याच वाटेने झाली, आणि क्षुरिकेची सुरीही याच वाटेने झाली. हिंदीने छुरीतला छकार राखला, आपण पुढे सरकलो. सण आणि सुरी हे शब्द अर्थाने एकमेकांचे कोणी नाहीत, पण एकाच ध्वनिनियमाने घडले आहेत, आणि सणाच्या खूनकथा वाचताना मला दर वेळी त्याची आठवण होते. क्षण या शब्दाला वेळेचा बिंदू आणि मोकळीक असेही अर्थ आहेत. सणाला सर्व माणसे मोकळी असतात, एका छपराखाली असतात, एकमेकांच्या नजरेत असतात. त्या गर्दीत ‘रहस्’ उरतच नाही, म्हणून खुन्याला ते एखाद्या क्षणापुरते निर्माण करावे लागते, आणि हेराचा सारा तपास त्या एका क्षणी कोण कोठे होते, या प्रश्नाभोवती फिरतो. सणातला क्षण शोधणे हेच त्याचे काम असते. लेखकांनी या कथांसाठी नेमका सणच का निवडावा, याचे उत्तर मला या व्युत्पत्तीत मिळते. बर्फ आणि बंद रस्ते ही कारणे दुय्यम आहेत.

काळ्या विनोदाविषयी एकच सांगायचे आहे. विनोद हा शब्द ‘वि’ आणि ‘नुद्’ यांचा आहे, आणि त्याचा अर्थ दूर लोटणे असा होतो. म्हणून जुन्या लेखनात श्रमविनोद म्हणजे थकवा घालवणे. मृत्यूकडे पाहून हसणारी कथा त्याला हातभर मागे लोटत असते, त्यामुळे तिच्या बाबतीत विनोद हा शब्द मूळ अर्थानेच लागू पडतो आणि त्याला ‘काळा’ हे विशेषण जोडण्यास माझी हरकत नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्याने ‘सणाच्या कथेचे विडंबन करणारी रहस्यकथा’ असे लिहावे. कथेच्या अखेरीस कोडे उलगडत नसेल आणि भुताचे अस्तित्व तसेच राहत असेल, तरच तिला गूढकथा म्हणावे.