दोघींची उत्तरं वेगळी, दोन्ही बरोबर

दुसऱ्या पीयूसीचा (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा) गणिताचा पेपर झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच सूर असतो: ‘जुळलं नाही.’ त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन होतं. मी साइन एक्सला टी धरलं, मैत्रिणीनं कॉस एक्सला. माझं उत्तर साइन स्क्वेअर एक्स भागिले २, तिचं उणे कॉस स्क्वेअर एक्स भागिले २. तिसरीचं तर उणे कॉस टू एक्स भागिले ४. कोण चुकलं? (विद्यार्थिनी, खानापूर)

कोणीच नाही, फक्त तिघींनी शेवटी ‘अधिक सी’ लिहिलेलं असावं, सी म्हणजे कुठलीही स्थिर संख्या. तुझ्या उत्तरातून मैत्रिणीचं वजा कर. साइन स्क्वेअर आणि कॉस स्क्वेअरची बेरीज १, म्हणून उरतं नुसतं १/२. तिसरीचं वजा केलंस तर १/४ उरेल. हा फरक एक्स कितीही घेतला तरी बदलत नाही, तो सीच्या पोटात जातो. घाईत ताडून पाहायचं तर एक्सच्या जागी ० आणि ९० अंश घाल. तुझ्या उत्तराला ० आणि १/२ मिळतात, तिच्या उत्तराला उणे १/२ आणि ०. दोन्ही ठिकाणी अंतर अर्धाच. पण ही नुसती चाचपणी झाली. पक्का पुरावा हवा तर उत्तराचं डिफरन्शिएशन करायचं. मूळ प्रश्न परत आला की विषय संपला.

असंच थ्रीडीच्या रेषेचं. (२, १, उणे १) आणि (५, ७, २) या बिंदूंतून जाणारी रेषा एकीनं पहिल्या बिंदूपासून ३, ६, ३ या दिशेनं लिहिली आणि दुसरीनं दुसऱ्या बिंदूपासून १, २, १ या दिशेनं, तरी रेषा तीच. दिशा एकमेकींच्या पटीत आहेत का आणि एकीचा बिंदू दुसरीच्या रेषेवर बसतो का, एवढं पाहायचं.

मर्यादा दिलेलं इंटिग्रेशन असेल तर मात्र ही सवलत नाही. तिथे उत्तर एकच संख्या येते आणि दोघींची वेगळी आली तर एक तरी चुकली आहे. बहुतेक वेळा टी धरलेला असतो आणि मर्यादा एक्सच्याच राहिलेल्या असतात. क्षेत्रफळाच्या प्रश्नात आणखी एक खड्डा आहे. वाय = एक्स क्यूब याचं उणे १ ते १ इंटिग्रेशन शून्य येतं, पण वक्र आणि एक्स अक्ष यांमधलं क्षेत्रफळ १/२ आहे. अक्षाखालचा तुकडा वेगळा काढून त्याचं चिन्ह बदलावं लागतं.

सरावाच्या एलपीपीत (लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या गणितात) झेड = ५ एक्स + ५ वाय जास्तीत जास्त करायचं होतं. अटी: एक्स + वाय १० पर्यंत, एक्स ६ पर्यंत, वाय ८ पर्यंत, दोन्ही शून्य किंवा त्याहून जास्त. मला (६, ४) आलं, मित्राला (२, ८). (विद्यार्थी, चिकोडी)

कोपरे पाच: (०, ०), (६, ०), (६, ४), (२, ८), (०, ८). झेड अनुक्रमे ०, ३०, ५०, ५०, ४०. दोन कोपऱ्यांवर ५० आलं, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडावरच्या प्रत्येक बिंदूवर ५० येतं. ते वाक्य लिहायला हवं होतं. तू एका कोपऱ्यावर थांबलास आणि तोही, म्हणून दोघांचं उत्तर अर्धवट. सगळ्या कोपऱ्यांचा तक्ता मांडला नाही की हेच होतं.

कोल्हापूरचा भाचा म्हणतो त्यांचा बारावीचा पेपर सोपा गेला. आमची मुलगी घरी येऊन रडली. कर्नाटकचा पेपर मुद्दाम अवघड काढतात का? (पालक, निपाणी)

दोन पेपर एका तराजूत घालू नका. दोन्हीकडे लेखी ८० आणि अंतर्गत २०, एवढ्यावर साम्य सरलं. महाराष्ट्रात गणितीय तर्कशास्त्र आणि रेषायुग्मं आहेत. आपल्याकडे पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं, त्यांत बारावीला हे धडेच नाहीत. तिकडे सर्वांत मोठा प्रश्न ४ गुणांचा. इकडे ‘डी’ भागात ५ गुणांचे आणि ‘ई’ भागात ६ गुणांचाही असतो, त्यामुळे एक गणित अडलं की मोठा घास गेल्यासारखा वाटतो. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून इंग्रजी पीयूसीला गेलेल्या मुलांना ‘हेन्स’ आणि ‘इफ अँड ओन्ली इफ’ यांतच वेळ जातो, तो भाग वेगळा. मुलीला आज पेपर पुन्हा सोडवायला लावू नका. दुसऱ्या विषयाचा पेपर उभा असेल तर मुळीच नको.

तीन समीकरणं मॅट्रिक्सनं सोडवताना एका कोफॅक्टरचं चिन्ह चुकलं, एक्स, वाय, झेड तिन्ही चुकले. पाचही गुण गेले का? (विद्यार्थी, बेळगाव)

नाही. एएक्स = बी अशी मांडणी, डिटरमिनंट, अ‍ॅडजॉइंट, इन्व्हर्स, मग उत्तर, अशा पायऱ्यांना गुण वाटलेले असतात. चुकण्याआधीच्या पायऱ्या बरोबर असतील तर त्यांचे धर, शेवटच्या उत्तराचे धरू नकोस. डिटरमिनंट बरोबर आणि उत्तरं तिन्ही चूक असली की संशय आधी दोन जागी घ्यायचा: कोफॅक्टरचं अधिक-उणे, किंवा ट्रान्सपोज राहणं. हे दुसरं लबाड असतं, कारण मॅट्रिक्स सिमेट्रिक असेल तर ट्रान्सपोज विसरूनही उत्तर बरोबर येतं आणि सवय बिघडते. मिळालेले आकडे तिन्ही समीकरणांत घालून पाहायला अर्धा मिनिट लागतो. प्रश्नात ‘मॅट्रिक्स पद्धतीनं’ म्हटलं असताना एलिमिनेशननं काढलेलं बरोबर उत्तर मात्र पूर्ण गुणांवर हक्क सांगू शकत नाही.

निकालाचा आकडा या हिशेबाशी फारच विसंगत आला तर आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत मागव, पायऱ्या तपास, मगच फेरमूल्यमापनाचा अर्ज कर. बोर्डाची त्याच वर्षीची दुसरी परीक्षा देऊन कमी पडले तरी भीती नाही, जास्त असलेले गुण राहतात. इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे भौतिक, रसायन, गणित निम्मे आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा निम्मी. आणि सीईटीनंतर मित्राशी ‘सतराव्याचं काय आलं’ असं विचारू नकोस. व्हर्जन कोड वेगळा असला की प्रश्नांचा क्रम वेगळा, त्याचा सतरावा तुझा सतरावा नसतो. प्रश्न वाचून दाखव.