आईचं खुब्याचं हाड मोडलं, माझं काय?

प्रश्न : माझं वय 48, पाळी अजून सुरू आहे. आई घरातच घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मी लाळेची जनुकीय चाचणी केली. हाडं मोडण्याचा धोका 'सरासरी' आला. मग निर्धास्त राहू ना?

उत्तर : राहू नका. हाडांच्या घनतेत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला निम्म्याहून जास्त आनुवंशिक असतो, पण तो शेकडो जनुकांत विखुरलेला. 2019 साली यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यमाहितीच्या साठ्यातल्या सव्वाचार लाखांवर लोकांच्या अभ्यासात टाचेच्या हाडाच्या घनतेशी जोडलेल्या डीएनएवरच्या 518 जागा सापडल्या. त्या सगळ्या मिळून फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा उलगडतो. शिवाय ती माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. इतरांसाठी असे अंदाज आणखी ढिले पडतात.

आईचं मोडलेलं हाड ही त्या अहवालापेक्षा जास्त कामाची माहिती आहे. वयाच्या चाळिशीपासून वापरता येणारं 'फ्रॅक्स' हे गणित पुढच्या दहा वर्षांतला धोका काढतं, आणि त्यात आईवडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं का, हा थेट प्रश्न आहे. मनगटाचं धरत नाहीत. तुमचं स्वतःचं जुनं फ्रॅक्चर, धूम्रपान, मद्य, संधिवात (फक्त ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो) आणि तीन महिन्यांहून जास्त पोटात घेतलेलं स्टेरॉइड, हेही सांगा. तुम्ही वारंवार पडता का, हे मात्र ते विचारतच नाही. ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आकडा जास्त आला तर डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी. पाळी सुरू असताना टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) नव्हे, झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघायचा. उणे 2 किंवा त्याखाली असेल तर कारण शोधायला हवं. कंबरेच्या मणक्यांवर झिजेमुळे हाड वाढलं असेल तर तिथली घनता खोटीच चांगली दिसते, म्हणून खुब्याचा आकडा जरूर वाचा. पुढची तपासणी त्याच यंत्रावर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. दोनदा हात, एकदा मांडीचं हाड मोडलं. याचीही जनुकीय चाचणी निरुपयोगीच का?

उत्तर : इथे उलट. लहान वयात लांब हाडं वारंवार मोडत असतील तर अस्थिभंगुरतेचा जन्मजात आजार तपासावा. तो बहुधा कोलॅजन हे हाडांना चिवटपणा देणारं प्रथिन बनवणाऱ्या दोनपैकी एका जनुकातल्या बिघाडाने होतो, त्यामुळे चाचणीत नेमकं उत्तर मिळू शकतं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक, ठिसूळ दात, घरात कुणाला तरुणपणीच आलेला बहिरेपणा या खुणा बघा. डोळे पांढरेशुभ्र असले तरी आजार नाही असं म्हणता येत नाही.

आधी कागदावर लिहा : कोणतं हाड, कोणत्या वयात, किती उंचीवरून पडून. झाडावरून पडून मोडलेला हात आणि चालता चालता मोडलेली मांडी यांत फार फरक आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी मुडदूस (मुलांची हाडं मऊ पडण्याचा आजार) ओळखायला लागेल. मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रेही मागा. दबलेला मणका मुलांमध्ये पुष्कळदा दुखतच नाही.